शंभर टक्के हजेरी

३ जून

वहिनी,

फोनच करणार होतो. पण तुमच्या घरी फोन लावला की आधी दादा दहा मिनिटं मला अक्कल शिकवतो आणि तुमच्या हाती येईपर्यंत माझा धीर संपतो. बेकरीतला फोन मालकांच्या टेबलावर. तिथून तुमच्याशी बोलायचं म्हणजे मालकांशीच बोलल्यासारखं. तेव्हा कागद बरा.

बातमी अशी की तुमच्या धाकट्या दिराचा फोटो भिंतीवर लागला आहे. घाबरू नका, मी जिवंत आहे. मालकांनी ‘हजेरीचा मानकरी’ म्हणून योजना काढली. वर्षभरात ज्याचा एकही खाडा नाही, त्याला वर्षाअखेर एक पगार जास्तीचा. अकरा महिने झाले आणि खाडा नसलेला सबंध बेकरीत मी एकटा उरलो आहे. बाकीचे एकेक करून सर्दी-तापाला बळी पडले. इथे आजारपणाची रजा हा प्रकारच नाही. आलात तर त्या दिवसाचा पगार, नाही आलात तर नाही. मालक म्हणतात, “आजारी पडायला मी कुठे मनाई करतो? आपापल्या वेळेत पडा.”

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, पण दादाला सांगा, त्याला अजून वाटतं मी पोती उचलतो. रोल भाजून गार झाले की त्यांच्या पोटात क्रीम भरायचं, हे आमच्या विभागाचं काम. विभागात माणसं दोन. मी विभागप्रमुख आणि समोर बसणाऱ्या चष्मेवाल्या बाई. मी विभागप्रमुख आहे हे त्यांना अजून मान्य नाही.

तुमच्या ओळखीने वृद्धाश्रमाची ऑर्डर मिळाली, त्यामुळे माझा भाव वधारलाय. दर शनिवारी सकाळच्या बसने माल निघतो. आजी-आजोबांना आवडतात ना रोल?

तुमचा,
मानकरी

९ जून

भाऊजी,

अकरा महिन्यांत एकदाही आजारी नाही? माणूस आहात की दाराची कडी? मी आरोग्य केंद्रात वीस वर्षं नर्स आहे. इतका ठणठणीत माणूस मी फक्त औषधांच्या जाहिरातीत पाहिलाय. जपा. अंग दुखलं तर झोपा. फोटो काय, भिंतीवर थांबेल.

वृद्धाश्रमात मी आठवड्यातून दोनदा जाते. एकूण एकेचाळीस जण आणि त्या सगळ्यांवर राज्य करणाऱ्या मोठ्या बाई. पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मी रक्तदाब मोजते आणि त्या माझं बोलणं तपासतात. परवा मी “तुमची मदत करते” म्हटलं, तर म्हणाल्या, “मदत माझी नव्हे, मला. पट्टा सैल कर.”

येत्या शनिवारी, चौदा तारखेला, बाईंना नव्वद वर्षं पूर्ण होतायत. दुपारी सगळ्यांना प्रत्येकी दोन क्रीम रोल द्यायचं ठरलंय. शिवाय पाहुणे. तेव्हा या खेपेला शंभर पाठवा, आणि क्रीम भरताना हात आखडू नका. गेल्या वेळी एका आजोबांच्या रोलमध्ये नुसती हवा निघाली. त्यांनी ती तक्रार मला चार वेळा सांगितली.

दादा बरे आहेत. अक्कल पाठवतायत, ती पुढच्या पत्रात जोडेन.

वहिनी

१३ जून, शुक्रवार

वहिनी,

हे पत्र रोलच्या खोक्यातच ठेवतोय, उद्या मालाबरोबर तुमच्या हाती पडेल. शंभर रोल मोजून भरलेत. हवा अजिबात नाही.

अक्षर जरा नाचरं वाटेल. टेबलाचा एक पाय आखूड आहे.

आज विशेष काही नाही. सकाळपासून कोरा चहा आणि अर्धा टोस्ट, एवढ्यावर आहे. म्हटलं जरा वजन उतरवावं. कामात मन लागत नव्हतं, सारखं उठून बाहेर जात होतो. चष्मेवाल्या बाई आज माझ्याकडे फार बघत होत्या. एरवी त्या मान वर करत नाहीत. शेवटी हळूच म्हणाल्या, “घरी जा हो तुम्ही.” मी म्हटलं, “तुम्हाला एकटीला टाकून कसा जाऊ?” त्यांनी आपली खुर्ची थोडी लांब ओढून घेतली.

बाईंना नव्वदाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.

आता थांबतो, उठावं लागतंय.

तुमचा दीर

१५ जून, रविवार सकाळ

भाऊजी,

लबाड कुठले!

जेवण जात नाही. अक्षर थरथरतंय. कामात लक्ष नाही, सारखं बाहेर जाऊन वारं घ्यावंसं वाटतंय. आणि वर “तुम्हाला एकटीला टाकून कसा जाऊ”! टेबलाच्या पायावर ढकलू नका. मी दादांना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, “पोरगं गेलं कामातून.” खुर्ची लांब ओढली म्हणजे बाई लाजल्या. आता मला सगळं सविस्तर हवंय. वय काय, घरी कोण कोण, चष्म्याचा नंबर किती.

कालचा समारंभ छान झाला. रोलवर नुसती झुंबड. उरलेल्यांतले दोन मी दादांसाठी पदराआड घरी आणले. मोठ्या बाईंनी भाषण केलं, आणि मग

१७ जून

पत्र तसंच राहिलं होतं. रविवारी अर्ध्या वाक्यावर असताना आश्रमातली स्वयंपाकीण धापा टाकत आली. सहा जणांना उलट्या सुरू झाल्या होत्या. दुपारपर्यंत पंधरा झाले, काल सत्तावीस. उलट्या, जुलाब, पोटात कळा. दोन दिवस मी तिथेच आहे. चादरी, बादल्या, मीठ-साखरेचं पाणी, पुन्हा चादरी. दादाही आडवे झालेत. अक्कल सांगणं तात्पुरतं बंद आहे.

मोठ्या बाईंना रुग्णालयात हलवलं. नव्वदीच्या शरीरात पाणी धरून ठेवायची ताकद नसते. सलाईन लावलंय, पण त्या कुणाला ओळखत नाहीत. काल मी मुद्दाम चुकीचं वाक्य बोलून पाहिलं. त्यांनी दुरुस्त केलं नाही. भाऊजी, मी तेच वाक्य पुन्हा एकदा बोलून पाहिलं.

कुठून आलं हे शोधण्याचं काम माझ्याकडे आहे. कोणी काय खाल्लं, काय प्यायलं, याची यादी करतेय. नियम म्हणून तुम्हालाही विचारते. त्या आठवड्यात बेकरीत कुणी आजारी होतं का? तुम्ही खरं सांगाल म्हणून तुम्हालाच विचारते.

वहिनी

२० जून

वहिनी,

वाचून फार वाईट वाटलं. चौकशी केली. बेकरीत कुणीही आजारी नाही. हजेरीपट मी स्वतः पाहिला, सगळा आठवडा शंभर टक्के हजेरी. मालकही म्हणाले की आमचा माल भट्टीतून येतो, आगीत जंतू राहतोय कशाला.

तुमच्याकडचं पाणी तपासलंत का? दूधही या दिवसांत लवकर नासतं. दादाचं म्हणाल तर तो लहानपणापासून अधाशासारखा खातो.

चष्मेवाल्या बाईंना दोन मुलं आहेत आणि नवरा कुस्ती खेळतो. तेव्हा तो विषय कृपया मिटवा.

बाईंची तब्येत कळवा. रोज कळवलंत तरी चालेल.

तुमचा दीर

२३ जून

भाऊजी,

पाणी तपासलं. चांगलं आहे. दूध सगळ्यांनी घेतलं होतं. आता ऐका. आश्रमात दहा जणांना साखर बंद आहे. त्यांना रोल दिले नव्हते. त्यातले नऊ जण ठणठणीत आहेत. पाणी तेच, दूध तेच, जेवण तेच. दहावे आजोबा मात्र रविवारीच आडवे झाले. शपथेवर सांगत होते, “मी रोलला बोटसुद्धा लावलं नाही.” त्यांच्या उशीच्या अभ्र्यात दोन कागद सापडले, क्रीम लागलेले. आजोबा म्हणाले, “ते कुणीतरी ठेवले असतील.”

रोल भट्टीतून येतो, खरं. क्रीम भट्टीतून येत नाही. ते हातांनी भरलं जातं.

मग काल मी तुमचं तेरा तारखेचं पत्र पुन्हा वाचायला घेतलं. कोरा चहा, अर्धा टोस्ट. सारखं उठून बाहेर. थरथरणारं अक्षर. “घरी जा हो तुम्ही.” लांब ओढलेली खुर्ची. वीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सला ही लक्षणं वाचून प्रेम दिसलं! हे कुणाला सांगू नका. मी दादांनाही सांगितलेलं नाही.

आणि हजेरीपट म्हणजे काही तब्येतीचा दाखला नव्हे. उलट शंभर टक्के हजेरी बघून मला आता धडकीच भरते. एवढ्या माणसांत आठवडाभर कुणाला काहीच होत नाही? की झालेलं कुणी सांगत नाही?

मला तुम्हाला ओरडायचं नाही. तुमच्या हातून अजून कुठे कुठे माल गेला आणि अजून कोण आजारी आहे, हे कळल्याशिवाय हे थांबणार नाही, म्हणून विचारतेय. खरं लिहा. बाई अजून तशाच आहेत.

वहिनी

२६ जून

वहिनी,

टेबलाचे चारही पाय सारखे आहेत.

शुक्रवारी पहाटेच पोटात कालवाकालव सुरू झाली. कामाला निघायच्या आत दोनदा उलटी. मी पलंगाच्या कडेवर बसून विचार केला. अकरा महिने गेले, हा शेवटचा महिना, आणि एका पोटदुखीपायी सगळं पाण्यात. शिवाय भाड्याची तारीख जवळ आली होती. दिवसभरात सात वेळा उठलो. दर वेळी हात धुतले. चौथ्या वेळेपर्यंत साबण संपला होता, नंतर नुसत्या पाण्याने. हे लिहिताना कान तापलेत. तुमची ऑर्डर, बाईंचा वाढदिवस, म्हणून क्रीम मी जास्तच मन लावून भरत होतो. प्रत्येक रोल हातात धरून.

सोमवारपर्यंत आणखी चौघं झाले. पण कुणी बोलेल तर शपथ. भट्टीवाले काका पिठाच्या पोत्यावर डोकं टेकून बसले होते. मी विचारलं, “काय काका, बरं नाही का?” ते म्हणाले, “छे, पोतं मोजतोय.” एकच पोतं, दहा मिनिटं मोजत होते. पुसणाऱ्या ताई भिंतीला धरून चालत होत्या, म्हणे भिंत पुसतेय. आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो, आज हवा किती छान पडलीय. बाहेरच्या मोरीशी रांग लागली होती आणि रांगेतला प्रत्येक जण सहज फिरायला आलेला.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी ते खिशात घेऊन मालकांकडे गेलो. बसा म्हणाले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी फोन टेबलाच्या कडेला सरकवला. मग म्हणाले, “हे बघ, कुणी विचारलं तर नाही म्हणायचं. विषय संपला.”

मी म्हटलं, “मी वहिनीला लिहून देणार आहे.”

“कोण वहिनी?”

“आरोग्य केंद्रातल्या. आश्रमाची चौकशी त्याच करतायत.”

मालक खुर्चीत बसले. मग उठले, मला खुर्ची दिली आणि पुन्हा बसायला गेले, पण दुसरी खुर्ची तिथे नव्हतीच.

मी अजून तरी कामावर आहे. फोटो मी स्वतः उतरवला. सोबत यादी जोडतोय. शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत कुठे किती माल गेला आणि कोण कोण आजारी होतं. नावं देताना प्रत्येकाला विचारलं. काका म्हणाले, “लिही. पोत्यांचंही लिही.”

बाईंना काही झालं तर मी काय करू, वहिनी?

तुमचा दीर

२ जुलै

भाऊजी,

आधी तेच सांगते, ज्यासाठी तुम्ही पाकीट फाडलं असेल. बाई शुद्धीवर आल्या. काल डॉक्टरांनी मोठ्याने विचारलं, “आजी, कशी वाटते तुमच्या तब्येतीला?” डोळे न उघडता आवाज आला, “तब्येतीला नव्हे, मला. आणि कसं.” मी व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं.

तुमच्या यादीमुळे दोन हॉटेलं आणि एका शाळेतला माल वेळेत थांबला. शाळेतला तर खोक्यातच होता. आमची माणसं तुमच्याकडे येऊन गेली असतीलच. तीन दिवस बेकरी बंद, सगळी धुवायची, आणि ज्यांना त्रास झाला त्यांनी बरं वाटल्यावरही दोन दिवस घरीच राहायचं. पोट थांबलं तरी जंतू थांबत नाही, हा मुद्दा मालकांना समजावून द्या.

अहवाल लिहिला. शेवटी उपाय लिहायचे असतात. मी पहिला उपाय लिहिला, आजारी कामगाराला पगारी रजा. आमचे साहेब म्हणाले, “हे कशाला? साबण लिहा, टोपी लिहा, हातमोजे लिहा. रजा हा काय आरोग्याचा विषय आहे?” मी म्हटलं, “साहेब, साबणाने हात धुतला जातो. माणूस घरी बसत नाही. सत्तावीस जण आडवे झाले ते एक माणूस घरी बसू शकला नाही म्हणून.” ते म्हणाले, “बसू शकला असता की. कुणी बांधलं होतं?” मी म्हटलं, “महिन्याअखेरीने.” त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि उपाय पहिल्या नंबरवरून तिसऱ्यावर ढकलला. पण खोडला नाही.

बाईंना मी सगळं सांगितलं. लपवलं असतं तरी त्यांनी काढून घेतलंच असतं. त्यांचा निरोप आहे, “आरोपीला हजर करा.” येत्या बारा तारखेला या.

वहिनी

१३ जुलै

वहिनी,

तुम्हाला बाईंनी खोलीबाहेर घालवलं, म्हणून आत काय झालं ते सांगतो. काल बसची वेळ झाली होती, बोलता आलं नाही.

आश्रमातल्या आपल्या खोलीत बाई उशीला टेकून बसल्या होत्या. हात बघितलात त्यांचे? सुया टोचून निळे पडलेत. मला म्हणाल्या, “उभा राहा. लांब नको, ऐकू येत नाही. बोल.” मी पाठ करून आणलेली माफी म्हणायला लागलो. दुसऱ्याच वाक्यात अडखळलो. म्हणाल्या, “पाठ केलेलं नको. झालं ते सांग.” मग पहाटेपासूनचं सगळं सांगितलं, साबण संपला तेही. मधे त्यांनी एकदाही दुरुस्ती केली नाही. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

संपल्यावर म्हणाल्या, “मी शाळेत असताना गोवर आलेली पोरं वर्गात यायची. का? तर हजेरीचं बक्षीस होतं. ते बक्षीस मीच सुरू केलं होतं. एका वर्षी अर्धी शाळा झोपली. मग मी ते बंद केलं, पण माफी कुणाची मागितली नाही.” मग विचारलं, “त्या दिवशी घरी राहिला असतास तर तुझं काय गेलं असतं?”

मी सांगितलं.

“मग तू एकटाच कसा आलास? ज्याने तुला घरी बसू दिलं नाही, तो कुठाय?”

मी म्हटलं, “ते बेकरीत आहेत.”

“कागद आण.”

त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं, शुद्धलेखनाच्या चार चुका निघाल्या. पत्र मालकांना आहे. मजकूर एवढाच, की आश्रमाला तुमचे रोल आवडतात आणि पुन्हा हवे आहेत, पण आजारी माणसाला पगार न कापता घरी बसवणाऱ्या बेकरीचेच हवे आहेत. तसं लेखी कळवावं. मग ते पत्र खोलीखोलीतून फिरलं. एकेचाळीस सह्या. उशीत कागद लपवणाऱ्या आजोबांनी दोनदा सही केली, ती बाईंनी पकडली.

उद्या पत्र मालकांच्या हातात देणार. दादाला सांगा, नोकरी गेली तर महिनाभर राहायला येतोय.

तुमचा दीर

२५ जुलै

भाऊजी,

बारा दिवस झाले, काही कळवलं नाहीत. दादा तुमच्यासाठी पलंग रिकामा करायला लागलेत. त्यावरची रद्दी हलवताना कंबर धरली, आता त्या पलंगावर तेच आहेत.

माझंही एक ऐका. परवा मला घसा आणि ताप होता. मला पगारी रजा आहे, वीस वर्षांची साठलेली आहे. तरी मी केंद्रात गेले. सवय. म्हटलं लसीसाठी आलेल्या बाळांची रांग आहे, कोण बघणार? आमच्या साहेबांनी मला दारातच थांबवलं आणि म्हणाले, “उपाय क्रमांक तीन.” मी निमूट घरी आले. काही म्हणा, माणूस सुधारतोय.

मालक काय म्हणाले? एका ओळीत तरी लिहा.

वहिनी

९ सप्टेंबर

वहिनी,

उशीर झाला. मालकांनी पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि दोन आठवडे त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणून मीही लिहिलं नाही. मग कळलं की एका हॉटेलवाल्यानेही त्यांना हेच विचारलं. शाळेनेही. तेव्हा एका दुपारी आम्हा सगळ्यांना पिठाच्या खोलीत बोलावून म्हणाले, “वर्षाला सहा दिवस. आजारी असाल तर. पगार चालू. आता सोमवारी सगळे एकदम आजारी पडणार, ठाऊक आहे मला.”

सोमवारी सगळे हजर. दुसऱ्या सोमवारीही. पहिली रजा घ्यायची लाज वाटत होती हो सगळ्यांना. काकांना खोकला आला की ते आधी मालकांच्या खोलीकडे बघायचे. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, “विभागप्रमुखांनी सुरुवात करावी.” विभागप्रमुख म्हणाल्या, वहिनी! पण मी ठणठणीत होतो.

आज सकाळी उठलो तर अंग तापलेलं, नाक वाहतंय, डोळे उघडेनात. सवयीने सदरा चढवला. बूट घातले. मग बूट काढायला मला जवळजवळ पाव तास लागला. शेजाऱ्यांबरोबर निरोप धाडला आणि चोरी केल्यासारखा पांघरुणात शिरलो.

अकराच्या सुमाराला दारावर थाप. मालक! म्हटलं, झालं, खात्री करायला आले. मी उठून खोकलो, मुद्दाम नव्हे, खराच आला. ते दोन पावलं मागे सरकले, रुमाल नाकाला लावला, माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, “क्रीमला आज काका बसलेत. वाईट भरतायत.” जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले आणि वळून म्हणाले, “उद्याही येऊ नकोस.”

आता दुपार झाली आहे. वर्षभर या खोलीत राहतोय, पण दिवसाची ही खोली मी कधी नीट पाहिलीच नव्हती. चार वाजलेत, समोरच्या काचेवरून ऊन उडून माझ्या छतावर आलंय आणि पाण्यासारखं हलतंय. खाली कुणीतरी पेटी शिकतंय, एकच ओळ घोकतंय आणि दर वेळी एकाच जागी चुकतंय. ऐकत पडलोय. बाईंना सांगा.

ताप शंभर. पगार चालू. झोपतो.

तुमचा दीर